मोतीबिंदू पिकला नाही, असं मी म्हणाले

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आजच का सांगतेय, तेही मला नीटसं कळत नाही. आडवळणाने येईन — पण येईन.

नाशिकला सिडकोत आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा अंबडच्या कारखान्यात, मी खाजगी शाळेत शिक्षिका. वडील गेल्यावर आई कळवणहून माझ्याकडे राहायला आली. मला भाऊ नाही. आई आमच्याकडे राहते म्हणून यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे झालं त्याचा दोष त्यांच्यावर ढकलायचा मोह मला अजूनही होतो.

आरोग्य विम्याचे कागद माझ्याकडे असायचे. मी फॉर्म भरायचा, मी बोट ठेवीन तिथे यांनी सही करायची. पॉलिसीत आम्ही चौघं आणि आई. दोन हजार सालाच्या आसपास हप्ते वाढायला लागले. त्यातच आईने साठी ओलांडली. त्या वर्षी एजंटने सांगितलेला आकडा ऐकून मी पुन्हा विचारलं — एकट्या आईचे एवढे? तो म्हणाला, "मॅडम, वयाप्रमाणे असतं. अजून वाढतच जाणार." आई तेव्हा ठणठणीत होती. पापड वाळवायला गच्चीवर दिवसातून चारदा चढ-उतर करायची. मी तिचं नाव काढून टाकलं.

मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. घरात विषय निघायच्या आधीच मी तो मिटवला. माझ्या आईमुळे खर्च वाढला असं यांच्या मनात यायला नको — म्हणून? की ते माझ्याच मनात आलं होतं? खरंच सांगते, मला अजून ठरवता येत नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तो खर्च ऐकून माझे धाबे दणाणले आणि मी गुपचूप आईचं नाव पुन्हा घातलं. वाटलं, सुटले. दोन महिने गेले नाहीत तोच आईला दिव्याभोवती कडी दिसायला लागली. मी एजंटला मोतीबिंदूच्या खर्चाचं सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, मध्ये खंड पडला, म्हणजे आईंची पॉलिसी नव्याने सुरू झाली. आणि मोतीबिंदूचा खर्च पहिल्या वर्षी मिळत नाही.

डॉक्टरांकडे गेलो. डोळ्यांत थेंब घातले होते म्हणून तपासणीनंतर आई बाहेर बाकावर डोळे मिटून बसली. आत डॉक्टर मला म्हणाले, दोन्ही डोळ्यांचं करावं लागेल, आता थांबू नका. मी बाहेर आले. आईने विचारलं, "काय म्हनले गं?" आणि मी — वर्गात पोरांना खरं बोला म्हणून दटावणारी मी — म्हणाले, "अजून पिकला नाही. वर्षभर थांबा म्हणाले."

मोतीबिंदू पिकावा लागतो असं तेव्हा सगळेच म्हणायचे. आईने लगेच मान हलवली.

पैसे नव्हते, असं म्हणवत नाही. त्याच दिवाळीला आम्ही नवा फ्रीज आणला. पण ऑपरेशन म्हटलं की हे विचारणार, पॉलिसी आहे ना? आणि मग मी नाव काढलं होतं ते बाहेर येणार. चोराच्या मनात चांदणं! आता वाटतं, ते कदाचित एवढंच म्हणाले असते, जाऊ दे, भरू आपण. मग मी नेमकी कुणाला भ्यायले?

ते वर्ष मला आठवायला नको वाटतं. चहा ओतताना आई कपात बोट धरायची, किती भरला ते कळावं म्हणून. तिने निवडलेल्या तांदळात खडे निघाले की मी चिडायचे — मी चिडायचे! द्राक्षांचा हंगाम आला तेव्हा ती शेजारणींना म्हणाली, "द्राक्षं पिकली समदी, माझा डोळाच काय पिकंना." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग निरोप आला, कळवणची मावशी फार आजारी आहे. ही आईची थोरली बहीण. आई तिच्याच कडेवर वाढलेली. आम्ही एसटीने गेलो. मावशीची वाचा गेली होती. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी जवळ गेली, स्वतःची मान इकडून तिकडून वळवून पाहिली. मग मला हळूच विचारलं, "लय वाळली का गं?" मी म्हणाले, "नाही, तशीच आहे." आईचे हात तर मावशीच्या गालांवरच होते. त्या हातांना कळलं नसेल? चौथ्या दिवशी मावशी गेली.

तीन महिन्यांनी पॉलिसीचं वर्ष भरलं आणि त्याच आठवड्यात मी आईला ऑपरेशनला नेलं. पट्टी काढली तेव्हा हेही सोबत होते. डॉक्टर हसत आईला म्हणाले, "आजी, गेल्या वर्षीच करा म्हटलं होतं. एवढं कशाला थांबलात?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच भ्याले हो, डॉक्टर. पोरगी तर मागंच लागली व्हती." यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी वाकून आईच्या चपला तिच्या पायांशी सरकवल्या.

तिला कधी कळलं? बाकावर? कळवणला? की तिथेच, डॉक्टरांच्या तोंडून? त्यानंतर ती नऊ वर्षं माझ्याजवळ राहिली. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मावशीचा चेहरा तिला शेवटचा बघता आला असता. तो मी बघू दिला नाही.