मावल्यातला सुयांचा दवाखाना

जनावरांच्या दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. खुर्चीवर कुत्र्याचे केस साचावेत तसे आपोआप साचतात. कितीही झटका, एखादा राहतोच!

मावला गावात माझं जनावरांचं क्लिनिक आहे. नेहमीच्या औषधांबरोबर मी जनावरांना ॲक्युपंक्चरही देते, त्या चिनी पद्धतीच्या बारीक सुया. स्टाफ म्हणजे मी आणि मदतनीस विमलताई!

*

ॲक्युपंक्चरचा बोर्ड लावल्या लावल्या जवळच्या जैनथ गावचे एक शेतकरी आले. सोबत जनावर नाही. कंबर धरून उभे.

"डॉक्टरबाई, मले बी टोचून द्या ना."

"अहो, मी फक्त जनावरांची डॉक्टर!"

"मंग हरकत काय? बायको मले रोज बैलच म्हनते!"

*

या पद्धतीत जिभेचा रंग बघून तब्येतीचा अंदाज घेतात. एक आजी आपलं पॉमेरेनियन कुत्रं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "जीभ दाखवा." आजींनी स्वतःचीच बाहेर काढली!

"तुमची नाही हो, त्याची!"

"आता पाह्यलीच हाय तं सांगून टाका, कशी हाय माही?"

*

मोबाइलच्या दुकानवाल्याच्या लॅब्राडोरला मी चिनी जडीबुटीची पूड दिली. तो पुडी उलटसुलट करून बघत राहिला.

"म्याडम, मी सोता चायना माल विकतो, म्हनून इचारून राह्यलो. गॅरंटी काय याची?"

*

एक रिटायर्ड तेलुगू मास्तर मांजर घेऊन यायचे. सुया लावल्या की मांजर गुपचूप पडून राहायचं. एकदा बघते तर शेजारच्या खुर्चीत मास्तर घोरतायत!

विमलताई हळूच म्हणाल्या, "म्याडम, सुया नेमक्या कोनाले टोचल्या?"

*

आणि शंकरकाका. बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीतून रिटायर होऊन मुलाकडे राहायला आलेले. गुडघे पार गेलेले, काठीशिवाय पाऊल उचलवत नसे. त्यांच्या टायगर कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले. मुलगा म्हणाला, "इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याले."

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमची काकी गेल्यापासून दारात माही वाट पाहनारा हाच एक हाय."

मी स्पष्ट सांगितलं, खात्री देत नाही. औषधं, मालिश, सुया, सगळं सुरू केलं. काका रिक्षातून त्याला आणायचे. आमच्या पायऱ्या चढताना विमलताई काकांना धरायच्या. हळूहळू टायगर उभा राहायला लागला, थरथरत.

एका सकाळी त्याला टेबलावरून खाली ठेवलं, तेवढ्यात दारातून एक बोका गेला. टायगर उठला, लडखडला, सावरला आणि थेट बोक्याच्या मागे रस्त्यावर!

"अरे टायगर! धरा त्याले!" काका ओरडत त्याच्या मागे धावले. मी काकांच्या मागे.

दारात विमलताई काठी हातात घेऊन उभ्या. "काका, काठी राह्यली!"

काकांनी मागे न बघता हात हलवला. "राहू दे तिथंच! आधी कुत्रं पकडू दे!"