प्लॅस्टरमधला हात

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, माणशी दोनशे रुपये वर्गणी काढून, शेजारच्या गाणाऱ्या बाईंची मैफल ठेवली होती. साठेक माणसं जमली. बाईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. एरवी त्या प्रत्येक स्वर हाताने उचलून दाखवतात. आज नुसता गळा गात होता. सूर तेच, पण 'वा' कुणाच्या तोंडून निघेना. बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

तेवढ्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या लांब मींडेवर, मागे तानपुरा धरून बसलेल्या शिष्येचा मोकळा हात नकळत वर गेला आणि हॉलभर 'वाहवा' झाली. बाईंनी वळून पाहिलं. "गाते मी गं, आणि दाद तुला?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

मग मला स्वस्थ बसवेना. इतकी वर्षं मी ऐकत होतो की बघत होतो? माणसांचं बोलणंसुद्धा आपण त्यांच्या हातांवरूनच खरं मानतो की काय? बाजूला बसलेल्या बायकोला विचारलं, तर म्हणाली, "डोळे मिटा आणि गप्प बसा."

मिटले. आधी नुसती पंख्याची घरघर ऐकू आली. भैरवीत मात्र एक कोमल स्वर असा थरथरत आला, की माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. साऱ्या हॉलमध्ये ते एकटंच होतं, आणि ते बाईंना होतं.