आईच्या डोळ्याची तारीख

सोलापुरात घरचा सर्व्हर चालवणारा पहिला माणूस मीच, असं मी गेली तीन वर्षं सांगत आलोय. दुसरा कुणी असेल तर त्यानं समोर यावं. मी त्याला चहा पाजीन आणि पुन्हा हेच सांगीन.

मी ज्या शाळेत संगणक शिकवतो तिथं संगणकाचाच एक डबा भंगारात निघाला होता. इतका म्हातारा, की चालू केला की आधी खोकायचा आणि मग उठायचा. दुचाकीवर पायापाशी ठेवून तो घरी आणला. आतून जी धूळ निघाली तिच्यात कोथिंबिरीचा एक वाफा सहज झाला असता. नवी डिस्क बसवली आणि डबा देवघरातल्या फळीवर ठेवला, कारण इन्व्हर्टरची वायर तेवढ्याच भिंतीपर्यंत पोचत होती.

"ह्यो घुंघुं करणारा कोण आणलास रं देवाजवळ?" आई म्हणाली. पण खंडेनवमीला तिनं त्यालाही हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला. एक पाकळी पंख्यात गेली आणि आमचा सर्व्हर दोन दिवस समाधीत.

आम्ही तीन भाऊ. थोरला पुण्यात, मोठ्या पगाराच्या आणि त्याहून मोठ्या आवाजाच्या नोकरीत. धाकटा जेऊरला, उजनीच्या काठाला, सासऱ्याची केळी आणि ऊस बघतो. मधला मी, आईसकट सोलापुरात. कोण कधी मोकळा, कोणाच्या पोराची परीक्षा कधी, आईला दवाखान्यात कोण नेणार, यावरून आमची फोनवर अशी भांडणं व्हायची की मधले मोबाइलचे टॉवर वाकले असतील. म्हणून मी ठरवलं, तिघांचं मिळून एक कॅलेंडर करायचं. ते आपल्या डब्यात ठेवायचं आणि तिघांच्या मोबाइलवर उघडायचं.

दादा म्हणाला, "अरे, असलं कॅलेंडर फुकट तयार मिळतं की."

"आपल्या घरच्या तारखा परक्याच्या दारात कशाला ठेवायच्या, दादा?" मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते शाळेच्या शिपायालाही ऐकवलं. आता आठवलं की जीभ चावतो.

चार रविवार त्या डब्यासमोर मांडी घालून बसलो. एप्रिलचे दिवस. डबा एवढा तापायचा की वर भाकरी टाकली असती तर पापुद्रा सुटला असता. प्रत्येकाला नाव दिलं, पासवर्ड दिला, रंग दिला. दादा निळा, धाकटा पिवळा, मी तांबडा. आईच्या कामांना हिरवा. मग आला हक्काचा प्रश्न. कुणाला कॅलेंडर नुसतं बघता यावं आणि कुणाला त्यात बदल करता यावा, हे सर्व्हरच्या मालकानं ठरवायचं असतं. मी शहाण्यासारखं दोघांना 'फक्त बघा' दिलं. तासाभरात दादाचा फोन.

"आम्ही काय पाहुणे का रे घरात?"

धाकट्याचा त्याच्या पाठोपाठ. "अण्णा, आईवर तुझी एकट्याची मालकी न्हाय बरं का."

आमच्या घरात जमिनीचा तुकडा असो, नाही तर आंब्याची पेटी, तिघांना सारखं. मग हक्कही सारखा. मी तिघांना 'बदल करा' देऊन टाकलं. आईला मात्र काहीच दिलं नाही. तिच्याकडं साधा बटणांचा फोन, तिला कॅलेंडर कशाला? जिच्यासाठी हिरवा रंग काढला तिचंच त्यात खातं नव्हतं. हे मला तेव्हा खटकलंही नाही.

उलट स्वयंपाकघरातलं तिचं भिंतीवरचं कॅलेंडर मी खिळ्यावरून उतरवलं. त्यावर ती पाणी सुटायच्या दिवसाला निळ्या पेनानं गोल काढायची. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. तो दिवस चुकला की पुढचे पाच दिवस माणूस आंघोळीची नुसती आठवण काढतो. मी म्हणालो, "आता हे सगळं डब्यात, आई." ती "होगली बिडु" म्हणाली. जाऊ दे म्हणायचं असलं की ती कानडीत म्हणते. संध्याकाळी ते कॅलेंडर दाराच्या मागच्या खिळ्यावर गेलं होतं.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, लवकर काढा. अर्ध्या दिवसाचं काम, पण घरचं माणूस सोबत पाहिजे, कागदावर सही लागते. घरी येताच मी हिरवा चौकोन टाकला: 'आईचं ऑपरेशन, सकाळी नऊ.' तिघांच्या खिशात एकदम टुण्ण वाजलं. मी छाती फुगवून आईला म्हणालो, "बघ, पुण्यात पण कळलं, जेऊरला पण कळलं."

"तितं कळून काय करू? दिसायला हितं पायजे की," ती म्हणाली.

त्या दिवशी नेमकं पाणी सुटणार निघालं. माझी बायको नोकरीवर, नळाला मोटर लावायला घरात कोणी नको का? मी चौकोन चार दिवस पुढं ढकलला. बोटानं नुसता ओढायचा, सोडला की झालं. मग दादानं तो ढकलला, कारण आईच्या ऑपरेशनला थोरला मुलगा नको का हजर, आणि त्याची तर त्या आठवड्यात मीटिंग. मग धाकट्याची ऊसतोड आली. मग पुन्हा पाणी. मग माझ्या शाळेत तपासणी. मग गड्ड्याची जत्रा, त्यात सगळे रस्ते बंद. मग दादाच्या पोरीची परीक्षा.

पूर्वी असं करायचं तर फोन लावावा लागायचा. "जमत नाही" म्हणताना घसा खाकरावा लागायचा, पलीकडं आईचा श्वास ऐकू यायचा. निम्म्या वेळा माणूस लाजून "बरं, येतो" म्हणून जायचा. माझ्या डब्यानं ती लाज काढून टाकली. एवढी सोय सोलापुरात दुसऱ्या कुणी केलेली नाही, हे मी छातीठोक सांगतो.

आई आधी रोज विचारायची, "माजा दिवस ठरला का रं?" मग आठवड्यानं विचारायला लागली. भाकरी थापताना हात परातीच्या कडेला आपटायचा. मग तिनं विचारणंच सोडलं. मला वाटलं, समजून घेतलं तिनं.

फेब्रुवारीत बायको भावाच्या लग्नासाठी माहेरी माळशिरसला गेलेली. मी शाळेतून घरी आलो तर आई खाटेवर बसलेली, डोळ्यावर हिरवी पट्टी. शेजारी विडीचं सूप मांडीवर घेऊन शेजारची अक्का. भिंतीला भिंत लागून घर, तेलुगू बोलणारी माणसं. नवरा टॉवेलच्या मागावर, ही दिवसभर विड्या वळते. त्या दिवशीच्या तिच्या विड्या झाल्या नव्हत्या. सूप भरलेलं तसंच.

"झालं ऑपरेशन," अक्का म्हणाली. "रिक्षानं नेली. सही कोन करनार म्हनले. मी केली. नातं काय, विचारले. सून, मनलं मी. चालतंय की?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आनि डॉक्टर लई वरडले मला," ती विडीला दोरा गुंडाळत म्हणाली. "मने, इतके दिवस काय झोपला होता काय तुमी? आत प्रेशर वाढून नस सुकली. डोळा साफ झाला, पन आता निम्मंच दिसनार. मी गप ऐकून घेतलं. सून मनल्यावर ऐकायलाच पायजे."

मी पाणी प्यायला आत गेलो. दाराच्या मागं ते कॅलेंडर. आजच्या तारखेला गोल होता, निळा नव्हे, तांबडा, आणि वाकड्या अक्षरात 'डोळा'. महिना लागल्यापासून तो तिथं होता. मी रोज तिथंच उभा राहून चहा पीत होतो.

तेवढ्यात खिशात टुण्ण वाजलं. दादानं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर ढकललं होतं.

मी डब्यासमोर बसलो. कुणी काय, कधी बदललं त्याची नोंद डबा ठेवतो आणि ती फक्त मालकाला दिसते. मनात होतं, दोघांच्या तोंडावर ही यादी मारायची. चौकोन अकरा वेळा हलला होता. धाकट्यानं दोनदा, दादानं चारदा. उरलेले पाच कुणाचे ते तुम्ही करा वजाबाकी. मी यादी बंद केली.

"त्यांना सांगू नको," आई खाटेवरून म्हणाली. "उगं पळत येतील, आनि मलाच सैपाक करावा लागंल."

मी नाही सांगितलं. तिच्यासाठी नाही सांगितलं असं म्हटलं असतं तर शोभलं असतं. खरं असं की मला बघायचं होतं, कोण आपणहून विचारतो. बायको माळशिरसहून आली, तिलाही गप्प राहायला लावलं. डोळ्यात थेंब टाकायच्या वेळा मी अलार्मला लावल्या. अलार्म वाजून मी बाटली घेऊन गेलो की आई म्हणायची, "अक्कानं टाकलं कवाच." तिच्या गालाला तंबाखूचा वास यायचा.

महिना सरला. एका सकाळी तिन्ही मोबाइल वाजले असणार, माझा तर वाजलाच: 'आईचं ऑपरेशन, सकाळी नऊ.' पाच मिनिटांत दादाचा फोन.

"अरे, आज आहे ना ते? मला नाही जमत रे. धाकट्याला विचार, नाही तर ढकल की पुढं."

तोंडात शिव्यांचा पूर आला होता, उजनीचे सगळे दरवाजे उघडले असते तरी तो आवरला नसता. पण यादीतले माझे पाच आठवले.

"ढकलतो," मी म्हणालो. आणि बोटानं ढकलला.

आई काळा चष्मा लावून दारात बसली होती. मान थोडी तिरकी, चांगला डोळा माझ्याकडं करून. आता ती अशीच बघते.

"काय वाजलं रं?"

"काही नाही. आज पाणी सुटणार आहे, त्याचं."

"आज न्हाय," ती म्हणाली. "पाणी उद्या हाय. दाराच्या मागं बघ जा."