मंगळावरच्या जनावराची जोडी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बेंदराच्या सणाचे मातीचे बैल. ते नेहमी जोडीनंच करायचे असतात. मंगळाच्या ताऱ्यावरही जीव असतील, असं शाळेच्या मास्तरांनी पेपर वाचून सांगितलं होतं. म्हणून उरलेल्या मातीचं मी तिथलं जनावर केलं, तीन पायांचं.

बायकोनं ते उलटंसुलटं बघितलं. "अवं, ह्ये खातंय कशानं?"

मी पोटाखाली तोंड पाडलं. "तिथलं गवात आखूड हाय."

"आन् ह्येची जोडी कुठाय? एकट्याला पिल्लं कशी हुणार? असलं जनावर खरं वाटत न्हाय."

"उद्या करतो की! तुझ्या बापाचा तारा हाय व्हय?"

ती हसली. संध्याकाळी तिच्या काखेत गाठ आली. महाराजांच्या कोल्हापुरात तेव्हा प्लेग फिरत होता. दोन दिवसांत तिला पंचगंगेवर पोचवली. लोक म्हणाले, "वर तारा झाली." कसला तारा? वरच्या जनावराचं तोंड मी पाडलंय, मला शिकवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडी करायला माती घेतली, पण ती तशीच खाली ठेवली. मग ते एकटं जनावर पाण्याच्या घमेल्यात टाकलं आणि त्याचा चिखल होईपर्यंत तिथंच बसलो.