पानांवरची पांढरट पूड

ओरोसच्या सरकारी वसाहतीत आम्ही अकरा वर्षं राहिलो. दर मंगळवारी सकाळी जवळच्या गावातली एक भाजीवाली टोपली घेऊन यायची. तांबडी भाजी म्हणजे लाल माठ, मुळा, वाल. शेण आणि पालापाचोळा सोडून ती वाफ्यात काही घालत नसे. वसाहतीत तिचं कौतुक मात्र कुणाला नव्हतं. घाटावरून ट्रकने येणारी भाजी तुकतुकीत असायची आणि हिच्या पानांना भोकं असायची.

"भोकां इतकी कित्याक गे?" माझी बायको विचारायची.

"किडो खाता नि जगता, मगे तुमका काय होतला?" ती म्हणायची. दोघी हसायच्या आणि अर्धा तास पायरीवर बसून राहायच्या.

२००५ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून फवारणीच्या विषाबद्दल बरंच छापून येऊ लागलं. त्याच हिवाळ्यात बायकोच्या पोटातला आजार कळला. मी कात्रणं फाईलला लावू लागलो. भाज्या मिठाच्या पाण्यात किती मिनिटं ठेवायच्या, ते घड्याळ लावून पाळू लागलो. तिची भूक गेली होती. चपाती नको, वरण नको. ओलं खोबरं घातलेली तांबडी भाजी आणि पेज एवढंच तिला जात होतं. तीही चार घास.

मार्चमधल्या एका मंगळवारी ती झोपली होती म्हणून जुडी मी सोडली. पानांवर बारीक पांढरट पूड होती. पाण्यात घातल्यावर पाणी राखाडी झालं. तीनदा धुतली, तरी देठांच्या बेचक्यात पूड राहिलीच. मी ती भाजी टाकून दिली. ही बाईसुद्धा पावडर मारायला लागली, असं मी धरून चाललो. तिला विचारलं नाही. विचारलं तरी खरं कोण सांगणार, असं मला वाटलं.

पुढच्या मंगळवारी मी तिला फाटकातच गाठलं. एरवी तिच्याशी मालवणीत बोलणारा मी, त्या दिवशी कचेरीतलं मराठी बोललो. "आता येऊ नका. डॉक्टरांनी बाहेरची भाजी बंद केली आहे." तिने खिडकीकडे एकदा बघितलं आणि टोपली उचलली. शेजाऱ्यांनाही मी सावध केलं. दोन मंगळवारांत तिचं वसाहतीत येणंच थांबलं.

मग दर रविवारी एस.टी.ने पणजीला जाऊन मी एका दुकानातून भाजी आणू लागलो. पाकिटावर 'सेंद्रिय' असा शिक्का, पिकवणाऱ्याचा नंबर, तारीख. पाकीट हातात घेतलं की मला बरं वाटायचं. घरी येईपर्यंत पानं मलूल व्हायची. बायको एक घास घ्यायची आणि ताट सरकवायची.

"आजय इली नाय ती?" तिने मंगळवारी विचारलं.

"इली नाय," मी म्हणालो. ते शब्दाला शब्द खरं होतं.

तिने तीन वेळा विचारलं. नंतर विचारणं सोडलं. श्रावणात ती गेली.

डिसेंबरात कचेरीच्या कामाने त्या गावात उतरलो. भाजीवाली रस्त्याकडेच्या मळ्यात होती. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा हलवत दंवाने ओल्या पानांवर ती काहीतरी भुरभुरत होती. तीच पूड.

"ह्यां काय गे?"

"राख. चुलीतली. किड्यांका," ती म्हणाली आणि मळ्यामागच्या ओढ्याकडे तिने हात केला. "जुडये व्हाळार धुवन हाडतंय. मार्चात व्हाळ आटता, मगे तशेच हाडूचे लागतत." मग डबा खाली ठेवून तिने विचारलं, "वयनी बऱ्या आसत मां?"

मी सांगितलं. ती वाफ्याच्या बांधावर बसली.

"शेवटाक काय खाईत?"

"काय नाय. दोन चमचे पेजेचा पाणी."

"माझी भाजी आवडायची त्यांका."

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं: पूड, टाकून दिलेली जुडी, डॉक्टरांच्या नावावर खपवलेलं खोटं, पणजीची पाकिटं. ती रागावेल असं वाटत होतं. तिने मान वर करून विचारलं,

"तुमी हयचेच मां साहेब? तुमका राख वळकाक इली नाय?"

मी मालवणचा. वयाची अठरा वर्षं चुलीवर शिजलेलं जेवलो. उठून तिने डबा घेतला, आणि मी एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागलो.