टिसोनचे पाय

लग्न होऊन आली तेव्हापासून एर्सिलिया दर डिसेंबरला, तिकडचा उन्हाळा लागला की, शेळ्यांमागे डोंगर चढत आली होती. खाली नदीकाठी हिवाळ्याचं घर, वर चिलीच्या हद्दीपाशी उन्हाळ्याची कुरणं. नवरा वारला त्या सालीही तिने चढण चुकवली नाही. लहानग्या मुलाला, आब्दोनला, खोगिरावर पुढ्यात घेऊन ती गेली होती. आता कळप तोच हाकत होता.

तिचा काळा कुत्रा टिसोन मात्र हल्ली दर वर्षी वाटेत लंगडायला लागे. ज्वालामुखीच्या धारदार खडीवर त्याच्या पंजांच्या गाद्या सोलवटून निघत, आणि गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यांत शिरून पू धरे. एर्सिलिया मिठाच्या कोमट पाण्यात त्याचे पाय शेकायची, कुसळं उपटायची, शेळीची चरबी चोळायची. चामड्याचे जोडेही तिने शिवून पाहिले. ते त्याने पहिल्याच मुक्कामावर चावून टाकले. कुरणावर जखमा भरत आणि परतीच्या वाटेवर पुन्हा उलत. शेळ्यांना लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी पंजा उलटून पाहिला. औषधाने तेवढ्यापुरतं बरं वाटेल, म्हणाले, पण खडीवरची चाल सुटली तरच कायमचं.

मागच्या वर्षी आब्दोनने त्याला खाली शेजाऱ्याकडे बांधून ठेवलं. दोर कुरतडून, माग काढत टिसोन मुक्कामावर येऊन पोचला. चारही पाय रक्ताळलेले. एर्सिलियाने त्याला आपल्या घोड्यावर आडवा घातला आणि उरलेली वाट स्वतः पायी चालली. त्या संध्याकाळी तिला बूट काढता येईनात. आब्दोनने ते ओढून काढले, तिचे सुजलेले घोटे पाहिले आणि तोंड फिरवलं.

यंदा निघायच्या सकाळी दोघं चुलीपाशी माते नावाचा कडवट पाल्याचा चहा पीत बसले होते.

"टिसोनला या वेळी नेत नाही मी," आब्दोन म्हणाला.

"बांधलास तर पुन्हा येईल."

"तू इथे असलीस तर नाही येणार."

एर्सिलियाने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कुत्र्यासाठी मी घरी बसू होय?"

"कुत्र्यासाठीच."

"आणि चीज कोण करणार? तुला दूध नासलेलंही कळत नाही."

"बिघडलं तर मीच खाईन."

तो जमिनीकडे बघून बोलत होता. खोटं बोलताना लहानपणापासून त्याची मान अशीच खाली जायची. सरळ बोल, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने ते सरळ बोलून दाखवलं असतं तर तिला ऐकवलं नसतं.

"वर कुणी विचारलं, तर पाय त्याचे खराब आहेत म्हणून सांग," ती म्हणाली.

"तसंच सांगेन, आई."

कळप नदी ओलांडून गेला. टिसोन कण्हत पुढे ओढ घेत होता. घंटांचा आवाज विरेपर्यंत तिने त्याची मान धरून ठेवली.

अंगणातला जर्दाळू तिने लग्नाच्या वर्षी लावला होता. त्याची पिकलेली फळं तिने जन्मात पहिल्यांदा त्या जानेवारीत पाहिली. बरीचशी पाखरांनीच खाल्ली. टिसोनच्या पंजांवर जाड कातडं धरलं, बेचक्या कोरड्या झाल्या. तरी रोज उन्हं कलली की तो नदीच्या उताराशी जाऊन डोंगराकडे तोंड करून उभा राही. एर्सिलिया दारातून पाहत असे, पण त्याला लगेच हाक मारत नसे.