पांढऱ्या कानाचा कोंबडा

पालेगावात मला कोंबड्यांतला जाणकार समजतात. ही पदवी मला कुणी दिली नाही. मीच घेतली, आणि लोकांना माझ्याहून कमी कळत असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. नव्या इमारतींतली माणसं रविवारी पिशवीत कोंबडी घालून आणतात आणि विचारतात, "काका, गावरानच आहे ना?" मी पाय बघतो, तुरा बघतो, कानाच्या पाळीवर अंगठा फिरवतो आणि जरा वेळ गप्प बसतो. माझं सगळं नाव त्या गप्प बसण्यावर उभं आहे. मग सांगतो, "थोडं क्रॉसिंग आहे." हे कुठल्याही कोंबडीबद्दल खरं असतं. सरकारी वाटपात आलेली पिल्लं, पोल्ट्रीतून सुटलेल्या कोंबड्या आणि जुन्या गावरान, सगळ्यांनी इथल्या उकिरड्यांवर कधीच एकत्र संसार मांडलाय.

मला खरं कळतं ते एवढंच: लाल पाळीची कोंबडी बहुधा तपकिरी अंडं देते, पांढऱ्या पाळीची पांढरं. आणि नेमकं तेच मी एकदा गिळून बसलो.

सात वर्षांपूर्वी माझी थोरली वहिनी कुंपणापलीकडेच राहायची. तिच्या कोंबड्यांची अंडी दुधाच्या चहाच्या रंगाची. गावात कुठेही बाळंतीण असली की सव्वा महिना अंडी वहिनीकडचीच जायची. ती पैसे घेत नसे. बारशाला तिला पाळण्याजवळ बसवत, हाच तिचा मोबदला. जाणकार मी, आणि मान तिला! मला ते बघवत नसे.

तिच्यापेक्षा गडद अंडी काढायची म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजारात गेलो. विक्रेत्याने एक लालभडक, तकतकीत कोंबडा पुढे केला. "साईं, असली देसी है. इसकी मुर्गियां लाल अंडा देंगी." कोंबडा लाल म्हणजे अंडी लाल, असं मी धरून चाललो. घरी येऊन पिशवी उघडली, तेव्हा कान दिसला. चुन्यासारखा पांढरा. गावाचे कान तपासणारा माणूस विकत घेताना कान बघायला विसरला होता. परत करायला गेलो असतो तर गावभर झालं असतं, म्हणून ठेवून घेतला.

त्याला माझं अंगण आवडलं नाही. तो दिवसभर वहिनीकडे. तिची खुडूक कोंबडी बसली, पिल्लं निघाली, वाढली, आणि त्याच्या त्या तरण्या लेकींनी, तलंगांनी, घातलेली अंडी निघाली फिकट, जवळजवळ पांढरी. बिचारीने तीच एका बाळंतिणीला पाठवली.

बाळंतिणीची सासू टोपली घेऊन थेट माझ्या ओट्यावर आली. मागून वहिनी.

"सांग रं जाणकारा, ही गावरानची हायत? हिनं दुकानातली मिसळलीन."

"भावोजी, तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाली. "खुराड्यातून माझ्या हातानं काढलीत."

मी अंडं उन्हात धरलं. नेहमीसारखा गप्प बसलो. माझा कोंबडा त्या वेळी वहिनीच्याच अंगणात, सगळ्यांदेखत, पुरावा देत होता. एकीनेही तिकडे पाहिलं नाही. जाणकार बोलणार होता ना!

"रंगावरून तर दुकानातली वाटतात," मी म्हणालो.

त्यानंतर वहिनीकडे कुणी अंडी मागितली नाहीत. बारशाला तिला दाराशी बसवू लागले, मग बोलावणंच थांबलं. तिने कोंबड्या वाटून टाकल्या आणि ती मुलाकडे मांजर्लीला राहायला गेली. कोंबडा आम्ही खाल्ला. पुरावा चांगला शिजला होता.

गेल्या महिन्यात मी मांजर्लीला जाऊन तिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबला नाही.

"मला काय सांगता, भावोजी? मी मिसळली नाहीत हे मला तवाच ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा."

त्याच सासूच्या घरी परवा धाकट्या नातवाचं बारसं होतं. पेढे वाटून झाले तसा मी बायकांमध्ये उभा राहिलो आणि कोंबडा, कान, अंडी, सगळं सांगितलं. आधी हशा झाला. नव्या इमारतीतल्या एका बाईंनी विचारलं, "म्हणजे काका, आमची ती गावरान?"

"मला कळत नाही हो."

"मग इतकी वर्षं अंगठा कशाला फिरवत होतात?"

सासू हसली नाही. "म्हंजे मी तिला उगाच बोलले?"

"माझ्या सांगण्यावरून बोललात."

"तुझ्या सांगण्यावरून," ती म्हणाली, आणि मला बसायलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून मांजर्लीला गेली. वहिनीने तिला आत घेतलं, चहा केला, दोघी बराच वेळ बोलत बसल्या, असं पुतण्याने फोनवर सांगितलं. माझं नाव निघालं का, विचारलं.

"निघालं ना काका," तो म्हणाला. "सांगू का, नको?"

नको म्हणालो.